आमचं दार तेवढं मराठीत

कार्तिक संपत आला की बसवनगुडीला शेंगांचा वास सुटतो. साधासुधा नव्हे. देवनहळ्ळीच्या विमानतळावर उतरणाऱ्या वैमानिकाला नकाशा न बघता नाकानं शहर सापडावं, असा वास. माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवू नका, माझ्या घरचेही ठेवत नाहीत. पण कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी नंदीच्या देवळाच्या रस्त्याला एकदा येऊन बघा. दोन्ही बाजूंना शेंगांच्या टेकड्या. ओल्या, वाळक्या, भाजलेल्या, मिठाच्या पाण्यात उकडलेल्या. पायाखाली टरफलांचा एवढा थर की रस्ताच चावत चावत चालल्यासारखं वाटतं. इथले कन्नड लोक त्याला कडलेकाई परिषे म्हणतात. आमच्या घरात तिला शेंगांची जत्रा म्हणायचे, आणि आई ओच्यातून शेंगा घेऊन यायची, कारण पिशवी नेली तर बाबा 'एवढ्या कशाला' म्हणत.

यंदा शेंगांबरोबर एका सिनेमाची पोस्टरंही आली. बसच्या पाठीवर, मेट्रोच्या खांबांवर, गांधीबझारच्या फुलवाल्यांच्या डोक्यावर. एक जुनं लाकडी दार, त्यावर खडूनं लिहिलेले दोन कन्नड शब्द, 'नाळे बा', आणि दाराच्या फटीतून बघणारा एक डोळा. उद्या ये. आमच्या लहानपणीच्या भुताला अखेर नायिकेची भूमिका मिळाली होती.

मी शाळेत विज्ञान शिकवते. तास पचनसंस्थेचा होता, पण पोरं विचारायला लागली, "मिस, ते खरं होतं का? तुम्ही तेव्हा होतात ना?" जणू मी हंपीच्या राजाच्या लग्नाला पंगतीत वाढायला होते. मग काय, पचनसंस्था राहिली बाजूला.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आम्ही लहान असताना या शहरात एक बाई घरोघर फिरते, अशी आवई उठली होती. बाई म्हणजे भूत. ती दार वाजवते आणि हाक मारते, पण स्वतःच्या आवाजात नाही. तुमच्याच माणसाच्या आवाजात. आईच्या, भावाच्या, परगावी गेलेल्या नवऱ्याच्या. तुम्ही दार उघडलंत की संपलात. उपाय एकच, दारावर लिहून ठेवायचं, 'उद्या ये'. ती येते, वाचते, बरं म्हणते, जाते. दुसऱ्या दिवशी परत येते, परत वाचते, परत जाते. एवढं सोशिक भूत जगात दुसरं नसेल. जिवंतपणी सरकारी कचेरीत खेटे घालून गेलेला कुणाचा तरी आत्मा असावा, असं माझं शास्त्रीय मत आहे.

त्या कार्तिकात आमच्या गल्लीतली सगळी दारं बोलायला लागली. कुठे खडूनं, कुठे कोळशानं, एके ठिकाणी तर हळदीनं. पलीकडच्या जयक्का गल्लीच्या पुढारी. त्यांनी खडूचा डबा घेऊन दारोदार फिरून ज्यांना लिहिता येत नाही त्यांना लिहून दिलं. आमच्या दाराशी आल्या तेव्हा आई स्वतःच स्टुलावर चढून लिहीत होती. मराठीत. मोठ्या, गोल, उजवीकडे कललेल्या अक्षरात, 'उद्या ये'.

जयक्का आईशी नेहमी कन्नड-मराठी-हिंदीची मिसळ बोलायच्या. म्हणाल्या, "अय्यो, हे काय लिहिलं? तिला तुमचं येत नाही वाचायला. स्वल्प विचार करा ना!"

"जयक्का, ती कुणाच्या आवाजात हाक मारते?"

"आपल्या माणसाच्या."

"आमची माणसं कुठल्या भाषेत हाक मारतात?"

जयक्कांनी खडूचा डबा दुसऱ्या काखेत घेतला.

"मराठीत हाक मारता येते, तर मराठीत वाचताही येत असणार," असं म्हणून आई स्टुलावरून उतरली आणि हात झटकले. बाबा कारखान्यात इंजिनियर होते, सरकारी कारखान्यात, म्हणजे कशावरही विश्वास न ठेवण्याचा पगार घेणारे. ते पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "तर्क बरोबर आहे. पाया तेवढा चुकीचा आहे." आणि झोपण्याआधी कडी दोनदा बघून आले.

तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही, पण अख्ख्या गल्लीत आमचं घर आणि ते भूत सोडलं तर मराठी वाचू शकणारं दुसरं कुणी नव्हतं. बाकीच्या दारांवरचं सगळ्यांना कळत होतं. आमच्या दारावरचं फक्त आमच्या माणसांना कळणार होतं.

त्या दिवसांची हवा अजून आठवते. सकाळी दुधाच्या पिशव्यांवर धुकं बसलेलं असे. शाळेतून यायच्या वेळी ऊन मऊ, लिंबाच्या सरबताच्या रंगाचं. आणि भीतीला एक चव होती, खोटं नाही सांगत. भाजक्या शेंगेतला एखादा दाणा कडू निघतो ना, तसली. तो कडू दाणा लागला की आपण तो थुंकतो आणि लगेच दुसरी शेंग फोडतो. तशी आम्ही पोरी रोज नवी भीती फोडत होतो. आणि त्या शेंगांचा मुख्य पुरवठादार मी.

मी नऊ वर्षांची होते, पण गोष्टी सांगण्यात माझं वय साठ-सत्तर असावं. बाकीच्या घरी भुताचा आवाज नुसता आवाज असे. माझ्याकडे तिच्या पैंजणांचा नमुना होता, साडीचा रंग होता, तिच्या हातात एक पत्र्याची ट्रंक असते आणि त्या ट्रंकेत तिनं आजवर नेलेल्या माणसांचे आवाज घड्या घालून ठेवलेले असतात, इथवर माहिती होती. ट्रंकेची कल्पना मला रेल्वेच्या रिझर्व्हेशनच्या रांगेत सुचली. सुधा आणि पद्मा या माझ्या दोन मैत्रिणी रोज शाळा सुटली की आमच्याकडे यायच्या, पुढच्या बातम्या ऐकायला.

आता पुढचं सांगताना आवाज जरा उतरवते. कारण हे मी आजवर शेकडो वेळा सांगितलं आहे, लग्नांत, सहलींत, स्टाफरूममध्ये, आणि एकदाही खरं सांगितलेलं नाही.

जत्रेचा दुसरा दिवस, मंगळवार. आई रेशनच्या रांगेत गेलेली. तिची ताकीद होती, कुणीही आलं तरी दार उघडायचं नाही. आम्ही तिघी आतून कडी लावून पलंगावर पाय वर घेऊन बसलेलो, मध्ये शेंगांची पाटी. मी ट्रंकेचं झाकण नुकतंच उघडलं होतं, म्हणजे गोष्टीतलं. आणि दार वाजलं.

"वैनी! आहे का कोण घरात?"

सुधानं तोंडात कोंबलेली शेंग टरफलासकट गिळली.

"मनी, अगं दार उघड की. मी आलोय, कुसूआत्या."

कुसूआत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. निपाणीला दिलेली. तिकडच्या बायका 'मी आले' म्हणत नाहीत, 'मी आलो' म्हणतात. जगात मला 'मनी' म्हणून अशी हाक मारणारी ती एकटीच, 'म' जरा लांबवून, जणू म्हशीला ओढ्यावरून परत बोलावतेय. पहिल्या हाकेलाच मी ओळखलं. इथे मला पळवाट नाही. मला एक क्षणभरही ते भूत वाटलं नाही.

पण सुधा आणि पद्मा माझ्याकडे बघत होत्या. त्या नजरेनं आजवर माझ्याकडे कुणी बघितलं नव्हतं. मराठीचं अक्षर त्यांना कळत नव्हतं. बाहेरची काय म्हणते, हे सांगणारी मी एकटी होते. माझी गोष्ट दारात येऊन उभी राहिली होती, ट्रंकेसकट, कारण खिडकीच्या फटीतून मी बघितलं तर आत्याच्या हातात खरंच पत्र्याची ट्रंक होती. अशा वेळी दार उघडायचं म्हणजे काय करायचं? 'ही माझी आत्या' म्हणायचं आणि शेंगा खायच्या?

"काय म्हणते?" पद्मानं कन्नडमध्ये कुजबुजत विचारलं.

बाहेरून आवाज आला, "तहान लागलीय गं. पाणी तरी दे."

"नीरु बेकंते," मी सांगितलं. पाणी हवंय म्हणे. शब्दाला शब्द. एवढं चोख भाषांतर मी जन्मात कधी केलं नव्हतं, आणि त्याहून भयंकर काही रचायची गरजही नव्हती. पद्मा उशीत तोंड खुपसून हसायला लागली, भीतीनं हसू येतं तसं. मग सुधा. मग मी. आम्ही तिघी एकमेकींची तोंडं दाबत हसत होतो आणि दाबलेलं हसू जास्त ऐकू जातं.

बाहेर एकदम शांत झालं. बऱ्याच वेळानं ट्रंक उचलल्याचा आवाज आला.

त्या संध्याकाळी मी गल्लीची राणी होते. भूत माझ्या आत्याच्या आवाजात आलं, माझं घरचं नाव घेतलं, दोन तास दार ठोठावलं, दारावर पाच बोटांच्या खुणा उमटल्या (त्या मीच कोळशानं उमटवल्या). आईनं मीठमोहऱ्यांनी माझी दृष्ट काढली. जयक्कांनी मान्य केलं की भुताला मराठी वाचता येतं. आईची मान जरा ताठ झाली, आणि मला वाटतं, त्या दिवशी ती या शहरात पहिल्यांदा कुठल्यातरी वादात जिंकली.

चार दिवसांनी आत्याचं आधी टाकलेलं पत्र आलं. मंगळवारी येतो. बाबांच्या कारखान्याच्या पाळणाघरात एक बाई हवी होती आणि बुधवारी सकाळी मुलाखत होती. फॉर्म बाबांनीच पाठवला होता. आत्या तिशीतच विधवा झालेली, पदरात लहान मुलगा, दिरांच्या तंबाखूच्या वखारीत पानं निवडत बसायची. नोकरी लागली की मुलाला घेऊन येणार होती. बाबांनी लगेच लिहिलं, 'तू आलीच नाहीस, काय झालं?' उत्तर एका ओळीचं, 'जमलं नाही.' आलो होतो, असं तिनं लिहिलं नाही. मीही बोलले नाही. दोन भावंडांच्या मध्ये पोस्टाचं तिकीट लावून ती गोष्ट मिटली.

आत्यानं पुढची पंचवीस वर्षं तंबाखू निवडला. तो खोकला अजून तिच्या छातीत आहे. ती आमच्याकडे येईनाशी झाली. लग्नाकार्याला आलीच तर बाहेरच्या खोलीत खुर्चीच्या कडेवर बसायची, पाणी उभ्यानं प्यायची आणि बसची वेळ विचारायची. आईनं दिलेली साडी पिशवीत घालून न्यायची आणि कधी नेसायची नाही.

माणूस स्वतःलाही गोष्टी सांगतो. मी सांगत होते की दिरांनी सोडलं नसतं, मुलाखतीत निवड झाली नसती, नोकरी काय तिची वाट बघत होती थोडीच. माझ्या गोष्टींत माझी सर्वांत चांगली जमलेली हीच.

तीन वर्षांपूर्वी आई गेली. त्याच वर्षी आत्याच्या मुलानं, विकासनं, देवनहळ्ळीकडे फ्लॅट घेतला आणि तिला घेऊन आला. जिथे पूर्वी द्राक्षाचे मळे होते तिथे आता आठव्या मजल्यावर ती बसते आणि उतरणारी विमानं मोजते. मी भेटायला गेले होते. चहा पिताना ती सहज म्हणाली, "तुझी आई चांगलीच होती गं. मी वाईट बोलत नाही. पण एकदा दार लावून घेतलं तिनं माझ्यासाठी. दारावर लिहूनच ठेवलं होतं, उद्या ये म्हणून. तिचं अक्षर मी ओळखतो की. आणि आत बायका जमवून हसत बसली होती."

एवढी वर्षं मी स्वतःला सांगत होते, तिला घरात कुणी नाही असं वाटलं असेल. तिनं दारावरचं वाचलं होतं, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. त्या अख्ख्या शहरात ते दार वाचू शकणारी एकच बाई त्या दुपारी आली होती.

तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंड उघडलं आणि त्यातून निघालं, "आत्या, चहा गार होतोय."

तेव्हापासून आई भिंतीवरच्या फोटोत बसून न केलेल्या अपमानाचा आळ वाहतेय, आणि तो उतरवू शकणारी एकटी मी, पचनसंस्था शिकवतेय.

आणि या कार्तिकात आत्याचा फोन. "मनी, तो भुताचा सिनेमा आलाय म्हणे. विकासला वेळ नाही, सून भिते. तू नेशील का?"

नाही म्हणायला मला चौदा कारणं सुचली. सगळी उत्तम होती. तिनं चौदाही ऐकली आणि म्हणाली, "मग अकराच्या खेळाला जाऊया."

सकाळचा खेळ, मॉलमधलं थिएटर, एवढं गार की भुतानंही शाल घेऊन यावी. आम्ही मोजून नऊ प्रेक्षक. आत्यानं पर्समधून रुमालात बांधलेल्या शेंगा काढल्या, पॉपकॉर्नला ती 'फुगलेला मका' म्हणते आणि शिवत नाही. सिनेमा कन्नडमध्ये, तिला कन्नड बोलायला माझ्याहून चांगलं येतं, लिपी तेवढी वाचता येत नाही. पहिली वीस मिनिटं ती भुताच्या चुका काढत होती. "एवढे केस मोकळे सोडून कोण फिरतंय? गुंता होतो."

मग पडद्यावर एक गल्ली आली. संध्याकाळ. एक म्हातारा खडूनं दारावर लिहितोय. पुढच्या दारावर एक बाई लिहितेय. कॅमेरा हळूहळू वर गेला आणि सगळी गल्ली दिसली, दारामागून दार, सगळ्यांवर तेच. आत्याच्या हातातली शेंग फुटायची राहिली. मग ते दृश्य आलं. घरात एकटी मुलगी, बाहेर तिच्या मावशीचा आवाज. मागच्या रांगेतलं कुणीतरी पुटपुटलं, "उघडू नको, उघडू नको." मुलीनं नाही उघडलं. नऊपैकी सात जणांनी सुटकेचा श्वास सोडला.

मध्यंतर झालं. दिवे लागले.

"मनी."

"हं."

"हे असं खरंच लिहीत होते? दारावर?"

"हो."

"सगळ्यांच्या?"

"अख्ख्या गल्लीत."

"तुमच्या पण?"

"आमच्या पण. आईनं मराठीत लिहिलं होतं. ती म्हणाली, भूत मराठीत हाक मारतं तर त्याला वाचताही येत असणार."

आत्या माझ्याकडे बघत राहिली आणि एकदम हसली. खोकत, मांडीवर थापा मारत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "वैनी म्हणजे ना! भुताला मराठी!" मग ते पाणी हसण्याचं राहिलं नाही. पदर तोंडाला लावून ती म्हणाली, "भुतासाठी लिहिलेलं गं. आणि मी माझ्यासाठी म्हणून वाचून परत गेलो. एवढी वर्षं त्या बाईच्या घरात धड बसलो नाही. तिला काय वाटलं असेल?"

मी तिचा हात धरला. आई सुटली होती. मला काहीच करावं लागलं नव्हतं, सिनेमानंच सोडवलं होतं. मी थिएटरच्या त्या गारठ्यात घामानं भिजले होते आणि मनात म्हणत होते, चला, झालं, आता कुणी काही विचारू नये.

आत्यानं डोळे पुसले. कपाळाला आठी घातली.

"पण मग आत हसत कोण होतं?"

आता माझी जात बघा. उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं, नटूनथटून. ते भूतच असेल, आत्या. तीच आत बसली असेल आमच्या घरात. आत्याच्या अंगावर शहारा आला असता, माझ्याही आला असता, सिनेमापेक्षा भारी झालं असतं. आणि विकासच्या बायकोपर्यंत, तिच्या पोरांपर्यंत ही गोष्ट गेली असती. एवढी चांगली गोष्ट मी आयुष्यात गिळलेली नाही. टरफलासकट गिळली.

"मी होते."

"तू?"

"मी, सुधा आणि पद्मा. आई रेशनला गेली होती."

"ओळखलं होतंस मला?"

"पहिल्या हाकेला."

समोर पडद्यावर कुठल्याशा मसाल्याची जाहिरात चालली होती. एक कुटुंब खूप आनंदानं सांबार पीत होतं.

"किती वेळ उभी होतो मी?"

माझ्या गोष्टीत दोन तास होते. "दहा मिनिटं," मी म्हणाले. "भिंतीवर घड्याळ होतं. चार वाजून पाच मिनिटांनी आलीस, सव्वाचारला गेलीस."

"दहाच?" ती स्वतःशी म्हणाली. "मला वाटलं होतं, अख्खी दुपार."

मग बराच वेळ ती शेंगांची टरफलं एकेक करून रुमालात गोळा करत बसली. खाली एकही पडू दिलं नाही.

"नऊ वर्षांची होतीस तू."

"हो."

"नऊ वर्षांच्या पोरीचं मी काही धरून बसत नाही. पोरं करतात." तिनं रुमालाला गाठ मारली. "तीन वर्षांमागं मी तुला चहा पिताना सांगितलं, तेव्हा किती वर्षांची होतीस?"

दिवे मालवले. सिनेमा पुढे सुरू झाला, पडद्यावर कुणीतरी किंचाळलं. आत्या उठली.

"चल."

"कुठे?"

"दादाकडं. त्याला सांगायचं. जसं झालं तसं, तुझं तिखटमीठ न लावता. मी समोर बसतो."

मेट्रोत ती खिडकीशी बसली आणि सगळा वेळ बाहेर बघत राहिली. मनात मी सुरुवाती जुळवून बघत होते. 'बाबा, एक गंमत सांगते' अशी एक होती. ती पुसली. 'तुम्हाला आठवतं का' अशी एक होती. तीही पुसली. माझ्याकडच्या सगळ्या सुरुवाती कुणाला तरी खूश करायला बनवलेल्या निघाल्या.

बाबा आता ऐंशीचे आहेत. एका कानानं कमी ऐकतात आणि तोच कान मुद्दाम पुढे करतात. मी त्यांच्या दुसऱ्या बाजूला स्टूल घेऊन बसले आणि सांगितलं. मंगळवार, दार, हाक, पाणी, हसणं. ट्रंक होती एवढं सांगितलं, ट्रंकेत काय होतं ते नाही. लग्नांतून जी गोष्ट मी जेवणं थंड होईपर्यंत सांगते, ती सांगायला बाबांनी चष्मा पुसून परत डोळ्यांवर ठेवेपर्यंतचाच वेळ लागला.

बाबा माझ्यावर रागावले नाहीत. त्याचं वाईट वाटलं. ते बहिणीकडे बघत म्हणाले, "दर भाऊबीजेला हिची आई मला विचारायची. कुसूताईंचं माझ्याकडून काय चुकलं हो? तुम्ही तरी विचारा त्यांना. आणि मी म्हणायचो, कुसूचा स्वभावच तसला आहे, सोड."

"असं म्हणायचास?" आत्या म्हणाली.

"म्हणायचो."

"मग तू पण बस हिच्या शेजारी."

आम्ही बापलेक शेजारी शेजारी, शाळेत बाकावर उभं केल्यासारखे. आत्या मात्र उठली. तिला वाटलं असेल की कुणीतरी रडेल, आणि तिला ते बघायचं नसेल. बाहेरच्या खोलीतून ती मधल्या खोलीत गेली, तिथून स्वयंपाकघरात. त्या घरात एवढ्या आत ती कधी गेल्याचं मला आठवत नाही. गॅस पेटल्याचा आवाज आला, पातेलं ठेवल्याचा आला, मग फळीवरचे डबे खालीवर व्हायला लागले. आईच्या डब्यांना आम्ही अजून हात लावलेला नाही. त्यावर तिनं चिकटवलेल्या चिठ्ठ्या तशाच आहेत, त्याच गोल, उजवीकडे कललेल्या अक्षरात.

"दादा!" आतून आत्याचा आवाज आला. "साखर म्हणून लिहिलंय, आत तूरडाळ आहे की!"

"तिनं लिहिलेलं वाचायचं नाही," बाबा ओरडले, बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात. "उघडून बघायचं!"

आत एक झाकण निघालं. मग दुसरं. मला साखर कुठे आहे ते माहीत होतं, रव्याच्या डब्यात. मी उठले नाही. चहाचं पाणी आटत चाललं होतं, आणि आत्या एकेक डबा खाली काढून, वाचून, उघडून बघत होती.